मरे वॉकर: न दिसणाऱ्या शर्यतीचा निवेदक

कोल्हापूरच्या खासबागेत निवेदकाला जे दिसतं तेच शेवटच्या पायरीवर शेंगा फोडत बसलेल्या माणसालाही दिसतं. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली तयार झालेल्या या मैदानाची बांधणीच तशी आहे. मातीचा हौदा मधोमध आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक. त्यामुळे कुस्तीच्या निवेदकाला 'काय चाललंय' हे सांगावं लागत नाही. पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, मागच्या वेळी ही जोड कशी सुटली होती हे तो सांगतो. डाव लागला की आवाज चढवतो, एवढंच.

मोटारीच्या शर्यतीत सगळं उलटं होतं. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक आज जवळजवळ ५.९ किलोमीटरचा आहे आणि निवेदकाच्या खिडकीतून त्यातला दीड-दोनशे मीटरचा तुकडा दिसतो. गाडी समोरून गेली की परत दिसायला दीड मिनिट लागतं. तेवढ्यात पलीकडच्या वळणावर कोण कुणाला ओलांडून गेला, कुणाचं इंजिन बसलं, हे त्याने पाहिलेलं नसतं आणि तरी ते त्यालाच सांगायचं असतं. ब्रिटनच्या मरे वॉकर यांनी पन्नासहून अधिक वर्षं हे काम केलं. १३ मार्च २०२१ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल बोलताना लोक त्यांचा चढा आवाज आणि गमतीदार चुका आठवतात. पण त्या आवाजाखाली जो कागद होता, तो पाहिल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

वॉकर यांचा जन्म १० ऑक्टोबर १९२३ चा, बर्मिंगहॅमचा. वडील ग्रॅहम वॉकर मोटारसायकलचे नावाजलेले स्वार. नॉर्टन, सनबीम, रज या कंपन्यांच्या गाड्या त्यांनी शर्यतीत चालवल्या, १९२८ ची अल्स्टर ग्रां प्री जिंकली आणि १९३१ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत लाइटवेट गटात पहिले आले. पुढे ते मोटारसायकलच्या साप्ताहिकाचे संपादक झाले आणि बीबीसी रेडिओवर शर्यतीचं वर्णन करू लागले. म्हणजे पोराने घरात दोन्ही गोष्टी पाहिल्या, हँडल आणि माइक. पैलवानाच्या पोराने तालमीत जावं तसे मरेसुद्धा मोटारसायकलवर शर्यती खेळून पाहून आले. त्यात फारसं काही झालं नाही. मधल्या काळात दुसरं महायुद्ध. त्यात ते रॉयल स्कॉट्स ग्रेज या रेजिमेंटमध्ये शर्मन रणगाड्याचे कमांडर होते आणि कॅप्टन म्हणून बाहेर पडले.

पहिला माइक हाती आला तो रेडिओचा नव्हे, मैदानावरच्या कर्ण्याचा. १९४८ साली शेल्सली वॉल्श इथे. ही डोंगर चढण्याची शर्यत, अंतर १००० यार्ड म्हणजे जेमतेम ९१४ मीटर. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. आपल्याकडे पुणे जिल्ह्याच्या घाटांत बैलगाडा सेकंदावर पळतो, तोच प्रकार. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात गाड्या शेजारी शेजारी सोडतात, तिथे डोळ्यांना निकाल दिसतो. घड्याळाच्या शर्यतीत डोळ्यांना काहीच कळत नाही. गाडी कितीही सुसाट गेलेली वाटो, मागच्याचा आकडा माहीत नसेल तर त्या सुसाटपणाला अर्थ नाही. निवेदकाने आकडा आधी सांगायचा, मग गाडी सोडू द्यायची, म्हणजे लोक मनात मोजायला लागतात. वॉकर यांची सुरुवात अशा शर्यतीत झाली, हा योगायोग त्यांच्या फार कामी आला असं आमचं मत आहे.

बीबीसीने त्यांना गुडवुडच्या शर्यतीत पारखलं आणि लगेच, १४ मे १९४९ रोजी, सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्रीला रेडिओवर बसवलं. तेव्हाचं सिल्व्हरस्टोन म्हणजे युद्धातल्या बॉम्बर विमानांची धावपट्टी. आपल्याकडेही मद्रासजवळचं शोलावरम असंच धावपट्टीवर वाढलं. वॉकर यांना स्टो या वळणावर उभं केलं होतं. त्यांच्या डोळ्यांदेखत जॉन बोल्स्टरची ईआरए गाडी उलटली आणि बोल्स्टर बाहेर फेकला गेला. पंचविशीतला पोरगा, पहिलंच प्रक्षेपण, समोर माणूस मेला की जिवंत आहे ते माहीत नाही. 'बोल्स्टर बाहेर गेला' एवढंच बोलून वॉकर पुढच्या गाडीकडे वळले. बोल्स्टर जबर जखमी झाला, पण वाचला आणि पुढे मोटारींवर लिहिणारा म्हणून नावारूपाला आला.

हा नियम आजही तसाच पाळतात आणि कोल्हापुरात माइक धरणाऱ्यानेही तो पहिल्या दिवशी पाठ करावा. अपघात झाला की काय दिसलं तेवढंच सांगायचं: कुठलं वळण, किती नंबर, झेंडा कुठला. ड्रायव्हर हलतोय का, रक्त दिसतंय का, यातलं काही नाही. प्रेक्षकांत त्याची आई बसलेली असते. लाल झेंडा पडला तर क्लार्क ऑफ द कोर्सकडून, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याकडून, निरोप येईपर्यंत शर्यत थांबल्याचं सांगून लोकांना जागेवर बसायला सांगायचं आणि अँब्युलन्सचा रस्ता मोकळा ठेवायला लावायचं. पुढचं वाक्य डॉक्टरांचं.

१९४९ पासून वॉकर बापलेक आइल ऑफ मॅनच्या टीटीचं वर्णन एकत्र करू लागले आणि १९६२ मध्ये वडील जाईपर्यंत ही जोडी टिकली. टीटीचा रस्ता ३७.७३ मैलांचा, म्हणजे साधारण ६०.७ किलोमीटर. कोल्हापुरातून निघून मिरज मागे टाकावी एवढा एक लॅप. त्यात स्वार एकदम सुटत नाहीत, ठरावीक सेकंदांच्या फरकाने सोडतात. त्यामुळे रस्त्यावर पुढे दिसणारा पुढे असेलच असं नाही. वीस सेकंद उशिरा सुटलेला जर पाच सेकंद मागे दिसत असेल तर तो पंधरा सेकंदांनी पुढे आहे. ही वजाबाकी निवेदकाने बोलता बोलता, डझनभर स्वारांसाठी, दर ठाण्यावर करायची. म्हणून टीटीचे निवेदक रस्त्यावर ठिकठिकाणी बसतात आणि एकमेकांकडे धागा देतात. वडिलांकडून मरे यांनी आवाज उचलला नाही. ग्रॅहम यांचा आवाज भारदस्त, शांत होता. त्यांनी उचलली ती वही.

इथे एका यंत्राकडे जवळून पाहायला हवं, कारण त्याच्याशिवाय इंजिनाच्या आवाजात माणसाचा आवाज बाहेर गेलाच नसता. बीबीसीचे निवेदक ओठाला टेकवायचा माइक वापरत. पहिला नमुना १९३० च्या दशकातला, नंतर सुधारत गेलेला. मुठीत धरायचा दांडा, वर जाळीचा डबा आणि त्याला पुढे आलेली एक पट्टी. ही पट्टी वरच्या ओठावर टेकवायची, म्हणजे तोंड आणि माइक यांतलं अंतर दर वेळी तेवढंच, सुमारे साडेपाच सेंटिमीटर राहतं. आत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ॲल्युमिनियमची अतिशय पातळ, चुण्या पाडलेली फीत असते, पुढून मागून उघडी. लांबून आलेला इंजिनाचा खर्ज फितीच्या दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच दाबतो आणि मरतो. तोंडातून आलेला आवाज एकाच बाजूवर जोरात आपटतो आणि टिकतो. जवळून बोलताना आवाजातला खर्ज फुगतो, तो आतल्या सर्किटमध्ये कापलेला असतो. पट्टी ओठापासून दोन बोटं जरी सुटली तरी ही सगळी बेरीज-वजाबाकी बिघडते आणि माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. वॉकर उभे राहून, अंग हलवत बोलायचे. इतकं नाचूनही आवाज एकसारखा जायचा तो या पट्टीमुळे.

आपल्याकडे हा माइक मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. डोक्याला अडकवायचा, तोंडाच्या कोपऱ्याशी दोन सेंटिमीटरवर राहणारा डायनॅमिक माइक तेच काम करतो. हातातला माइक असेल तर एक खोड मोडायला हवी. लावणीच्या स्टेजपासून निवडणुकीच्या सभेपर्यंत सगळे माइकच्या जाळीला मूठ आवळून धरतात. जाळीच्या मागच्या बाजूला जी भोकं असतात त्यांच्यामुळेच माइक मागचा आवाज टाळतो. मुठीने ती बुजली की माइक चहूबाजूंचा आवाज घेतो, कर्ण्याचा आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी सुरू होते. मग साउंडवाल्याला शिव्या. चूक मुठीची असते.

वॉकर यांचं पोट मात्र माइकवर चालत नव्हतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. ते जाहिरात व्यवसायात होते आणि साठीला टेकेपर्यंत तीच त्यांची नोकरी होती. मोटारी, चॉकलेट, पाळीव पक्ष्यांचं खाद्य अशा मालाच्या जाहिराती त्यांच्या कंपनीकडे असत. मार्स चॉकलेटची एक गाजलेली ओळ त्यांच्या नावावर खपवली जाते, ती आपली नाही असं ते स्वतःच सांगत. शनिवार-रविवारी शर्यत, सोमवारी ऑफिस. १९६० च्या दशकात चिखलातल्या मोटोक्रॉसचं टीव्हीवरचं वर्णन, पुढे रॅलीक्रॉस. १९७६ मध्ये ब्रिटनचा जेम्स हंट फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, देशात वेड लागलं, आणि १९७८ पासून बीबीसीने सगळ्या शर्यतींचा सारांश दाखवायला घेतला. तिथून वॉकर हे नाव घरोघरी गेलं. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते.

त्या काळात बऱ्याच परदेशी शर्यतींचं वर्णन ते ट्रॅकवरून नव्हे, लंडनच्या स्टुडिओत पडद्याकडे बघून करत. आज टीव्हीवरचं मराठी-हिंदी समालोचन मुंबईतल्या खोलीत बसून होतं तसंच. याची अडचण अशी की दिग्दर्शक जी गाडी दाखवेल तीच दिसते. पडद्यावर तिसरा-चौथा भांडत असताना पहिल्याच्या टायरची हवा जात असेल तर निवेदकाला ते कळायला वेळेच्या तक्त्याशिवाय मार्ग नाही. म्हणून चांगला निवेदक एक डोळा चित्रावर आणि एक आकड्यांवर ठेवतो. पहिल्याचा लॅप अचानक दोन सेकंदांनी लांबला की गाडी दिसायच्या आधीच त्याने आवाज सावध करावा.

१९८० पासून शेजारी जेम्स हंट आला. वॉकर उभे, अंगात वारं आल्यासारखे. हंट खुर्चीत पसरलेला, मोनॅकोच्या पहिल्या शर्यतीला पायाला प्लास्टर आणि हाताशी वाइन. दोघांनी एकमेकांवर बोलू नये म्हणून निर्मात्याने दोघांत एकच माइक दिला होता. साधी गोष्ट, पण जोडीने बोलणाऱ्यांना आजही याहून चांगला उपाय नाही. माइक ज्याच्या हातात तो बोलणार. दुसऱ्याने हात पुढे करायचा. हंट एखाद्या ड्रायव्हरची चारचौघांत लाज काढायचा, वॉकर लगेच त्या ड्रायव्हरची बाजू सावरायचे. सुरुवातीला दोघांचं जमत नव्हतं, पुढे चांगलं जमलं. १५ जून १९९३ रोजी हंट ४५ व्या वर्षी हृदयविकाराने गेला.

आता चुका. 'माझी फार मोठी चूक होत नसेल तर...' असं म्हणायचं आणि पुढच्याच श्वासात चूक कबूल करायची, ही त्यांची ख्याती. गाडीला आग लागलेली असताना 'बाकी गाडी ठीक आहे' असंही ते बोलून गेले आहेत. लोक हसायचे, कारण त्यात लबाडी नव्हती. पण चूक का होते हे समजून घेण्यासारखं आहे. हेल्मेट घातलेला माणूस, एकाच रंगाच्या दोन गाड्या आणि ताशी तीनशेचा वेग. २००० साली जर्मन ग्रां प्रीच्या पहिल्याच वळणावर मायकेल शूमाकरची फेरारी आदळली आणि वॉकर यांनी ती त्याच संघातल्या बॅरिकेलोची म्हणून सांगितली. बॅरिकेलो तर पुढे ती शर्यत जिंकला. वर्तमानपत्रांनी वयावर बोट ठेवलं आणि पुढचं वर्ष संपवून थांबायचं त्यांनी ठरवलं. आज एका संघाच्या दोन गाड्या ओळखायला डोक्यावरच्या कॅमेऱ्याचा डबा बघतात, एकीचा काळा, दुसरीचा भडक पिवळा. हेल्मेटच्या रंगापेक्षा ही खूण भरवशाची.

गप्प बसण्याचीही एक वेळ असते, आणि बोलभांड म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने ती साधली. ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानच्या सुझुका ट्रॅकवर डेमन हिल जगज्जेता झाला. त्याचे वडील ग्रॅहम हिलसुद्धा जगज्जेते. वॉकर यांचा घसा दाटून आला आणि आता थांबावंच लागेल, असं सांगून ते थांबले. आपल्याकडच्या निवेदकांना हे जमत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. विजेता रेषा ओलांडतो तेव्हा लोकांचा गलका हेच निवेदन असतं. चार-पाच सेकंद माइक खाली धरला तर काही बिघडत नाही.

१९९७ मध्ये प्रक्षेपणाचे हक्क आयटीव्हीकडे गेले, वॉकरही तिकडे गेले आणि माजी ड्रायव्हर मार्टिन ब्रंडल शेजारी बसला. शेवटची शर्यत ३० सप्टेंबर २००१ ची, इंडियानापोलिसला. एके काळी तो ट्रॅक विटांचा होता. सुरुवातीच्या रेषेवर त्यातली एक यार्डभर पट्टी अजून उघडी ठेवली आहे. निरोप म्हणून वॉकर यांना तिथली एक जुनी वीट दिली. त्याच ट्रॅकवर टॉम कार्नेगी यांनी १९४६ ते २००६ अशी ६१ वर्षं इंडी ५०० शर्यतीचा मैदानावरचा माइक सांभाळला, तेही इथे सांगायला हवं. घरी बसलेल्यांसाठी वॉकर होते, तिकीट काढून आलेल्यांसाठी कार्नेगी. नवा विक्रम झाला की ते 'नवा' हा शब्द पाच सेकंद ताणायचे. त्यांनाही चार किलोमीटरच्या ट्रॅकचा एक तुकडाच दिसायचा.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या, म्हणजे छोट्या, बिनछपराच्या गाड्यांच्या शर्यतींच्या, फेऱ्या झाल्या आहेत. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला ३ मालिकेत धावला, आणि वॉकर यांनी जिथे रेडिओवर सुरुवात केली ते सिल्व्हरस्टोन हा त्या मालिकेचा ठरलेला मुक्काम. शिवाय इथला प्रेक्षक भोळा नाही. उद्यमनगरात आयुष्य काढलेला, शिरोलीच्या फाउंड्रीत सिलेंडर हेड ओतणारा माणूस कुंपणाला टेकून उभा असतो. इंजिन 'सीझ' (जाम) झालं असं निवेदक म्हणाला आणि गाडी पुढच्या लॅपला पळताना दिसली, की मागून आवाज आलाच म्हणून समजा.

कार्टच्या ट्रॅकवर कर्णे कसे लावायचे यात बहुतेक जण पहिला मार खातात. खासबागेत लोक भोवती आणि कुस्ती मधोमध, त्यामुळे थोडे मोठे स्पीकर पुरतात. ट्रॅकवर लोक कुंपणाच्या कडेने लांबलचक रांगेत असतात. दोनशे मीटरच्या सरळ पट्ट्याच्या दोन टोकांना दोन मोठे भोंगे लावले तर एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला ०.६ सेकंद उशिरा पोचतो. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि नंबर तर कळतच नाही. त्याऐवजी २५ मीटरवर एक असे आठ लहान भोंगे, साडेतीन-चार मीटर उंचीवर, तोंड खाली प्रेक्षकांकडे. १०० व्होल्टच्या लाइनवर प्रत्येकाचा टॅप (भोंग्याने किती वॅट घ्यायचे ती जोडणी) ३० वॅटवर ठेवला तर बेरीज २४० होते. २५० वॅटचा ॲम्प्लिफायर त्यावर दुपारपर्यंत तापतो. एक पंचमांश शिल्लक ठेवायची, म्हणजे किमान ३०० वॅटचा हवा. एखाद्या भोंग्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर शेजारच्या भोंग्याशी त्याचं भांडण होतं आणि दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्याला आवाज पोकळ लागतो. हा दोष शोधायला साउंडवाल्याने सकाळी एकदा कुंपणाच्या कडेने चालत जावं. लाइनच्या भोंग्यांत घरचा ८ ओहमचा साधा डबा जोडायचा नाही, ॲम्प्लिफायर बंद पडतो.

सकाळी सगळीकडे ऐकू येणारा आवाज एप्रिलच्या भर दुपारी मागच्या रांगेला पोचत नाही. तापलेल्या डांबराजवळची हवा गरम, वरची त्या मानाने थंड, त्यामुळे आवाज वर वळतो. आवाज वाढवून उपयोग नाही, भोंग्यांची तोंडं आणखी खाली करायची. जनरेटरवर वेळेचा कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर एकत्र असले की कर्ण्यातून गुणगुण येते, ते वेगळे करावेत.

आणि आता वॉकर यांची वही, म्हणजे लॅप चार्ट. कार्टच्या मागे सेन्सर असतो, रस्त्याखाली तार असते, हजाराव्या भागापर्यंत वेळ पडद्यावर येते. तरी कागद लागतो, कारण सेन्सर चार्ज करायचं विसरणारा एक तरी भेटतोच आणि त्याचा नंबर पडद्यावरून गायब होतो. आडव्या ओळीत लॅप, उभ्या रकान्यात क्रमांक. रेषा ओलांडताना दिसतील तसे कार्टचे नंबर डावीकडून उजवीकडे लिहीत जायचे. आपण बोलत असताना हे होत नाही, म्हणून शेजारी एक लिहिणारा हवा, आणि त्याने तोंड उघडायचं नाही, बोट ठेवायचं. पहिला कार्ट परत आला की नवी ओळ. पहिल्याने शेवटच्याला लॅप दिला की घोळ सुरू होतो. एक लॅप मागे पडलेला पहिल्याच्या पाठोपाठ रेषेवर येतो आणि नवखा लिहिणारा त्याला दुसऱ्या जागी टाकतो. त्यावर उपाय म्हणजे लॅप बसलेल्याच्या नंबराला गोल करायचा आणि तो मागच्या ओळीतच लिहायचा. एखादा नंबर सुटला तर आठवून भरायचा नाही, जागा रिकामी सोडून पुढे जायचं. पुढच्या लॅपला तो दिसला की मागची जागा आपोआप कळते. अंदाजाने भरला तर त्यापुढचा प्रत्येक क्रमांक एकाने सरकतो.

निकाल सांगताना घाई नको. चौकटीचा झेंडा पडला म्हणजे विजेता ठरला असं कार्टिंगमध्ये होत नाही. समोरचं नाकाडाचं प्लास्टिक मुद्दाम अशा पकडीत बसवलेलं असतं की पुढच्याला धक्का दिला की ते आत सरकतं. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला ५ सेकंदांची शिक्षा आहे. शर्यतीनंतर वजनकाटा असतो. तिथे एक किलो कमी भरला तर पहिला आलेला यादीतून जातो. म्हणून 'विजेता' हा शब्द राखून ठेवायचा आणि 'रेषेवर पहिला' म्हणायचं. बापाने पेढे वाटायला काढल्यावर निकाल फिरला की शिव्या निवेदकाला पडतात.

आवाजाचं म्हणाल तर बारा लॅपची शर्यत पहिल्याच लॅपला शिखरावर नेली तर अकराव्या लॅपच्या ओव्हरटेकला चढायला जागा उरत नाही. दिवसभरात अशा दहा-बारा शर्यती असतात. कोमट पाणी जवळ ठेवायचं, उसाचा रस आणि बर्फाचं सरबत संध्याकाळी. ड्रायव्हरांची नावं आदल्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे संघ उतरतात त्या आवारात, जाऊन स्वतः त्यांच्याकडून विचारून घ्यायची. चेन्नई-कोइमतूरची पोरं येतात, त्यांच्या नावांची आपण वाट लावतो. वॉकर शेवटच्या वर्षापर्यंत शर्यतीआधी पिटमध्ये हिंडून मेकॅनिकांशी बोलून वही भरायचे. आणि लॅप चार्टला शिसपेन्सिलच घ्यायची, दोन टोकदार करून. वळवाचा पाऊस आला की ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही.